दोन्ही उतारांचा मिस्तरी

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मिस्तरींनी छपराकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ओट्याच्या बरोबर मध्यावर बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पप्पांना विचारलं, "कोन कोठे झोपस?"

पप्पा गोंधळले. छपरावर काँक्रीटची कौलं बसवायला बोलावलेला माणूस लांबी विचारेल, रुंदी विचारेल, उतार किती ते विचारेल, अशी त्यांची तयारी. त्यासाठी त्यांनी वहीच्या कागदावर आकृतीही काढून ठेवली होती.

"म्हंजे?"

"घरमा. रातले. कोन कोठे झोपस? अन् डोकं कोनत्या बाजूले?"

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि प्रत्येक गोष्टीचं कारण मला तिथल्या तिथे हवं असायचं. मी विचारलं, "मिस्तरीबाबा, झोपण्याचा आणि कौलांचा काय संबंध?" ते माझ्याकडे बघून छान हसले आणि म्हणाले, "हां बेटा, चहा चाली." त्यांना ऐकू फार कमी येतं, हे मला त्या क्षणी समजलं. आपल्याला हवा तो प्रश्न ते ऐकत आणि नको तो सोडून देत, हे कळायला मात्र बरेच दिवस लागले.

सुरतेतल्या आमच्या नवागाममध्ये त्यांना सगळे मिस्तरी म्हणत. नाव असणारच, पण मी ते कधी ऐकलं नाही. मूळचे आमच्यासारखेच खान्देशातले. तरुणपणी सुरतेत आले आणि लूमच्या खात्यात लागले. खातं म्हणजे आमच्याकडे लूमचा कारखाना. शंभर माग एका छपराखाली धडधडत असले की शेजारच्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. दोन बोटं एकमेकांपासून ओढली की धागा तुटला. अंगठा आणि करंगळी तोंडाजवळ नेली की चहा. मिशीवरून बोट फिरवलं की शेठ आला. आणि उघडा तळहात समोर धरला की थांब, मशीन बंद कर. वीसेक वर्षं ती धडधड ऐकून मिस्तरींचे कान गेले. मग ते उघड्यावर करायचं काम शोधू लागले आणि छपरांवर चढले.

कान गेल्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. कौल चांगलं की तडकलेलं हे ठोकून, आवाज ऐकून ओळखतात. मिस्तरी काय करायचे, तर कौल हनुवटीला टेकवायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं ठोकायचे. डोळे मिटून. चांगल्या कौलाचा नाद म्हणे दाढेपर्यंत येतो, आणि तडा असला की हनुवटीतच मरतो. एक कौल साडेचार किलोचं, आणि हा सत्तरीच्या घरातला माणूस प्रत्येक कौल असं हनुवटीला लावणार. आमच्या समोरच्या गुजराती मासी पहिल्या दिवशी हे बघून आईला म्हणाल्या, "बेन, आ डोसो तो गांडो छे." आईला ते पटलं होतं, पण आपण बोलावलेल्या माणसाला वेडा कसं म्हणायचं म्हणून ती नुसती हसली.

दिंडोलीच्या एका बंगल्यावरची त्यांची गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना माहीत होती. तिथलं काम संपवून, हातपाय धुऊन ते घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळीच परत जाऊन, कोणाला न विचारता शिडी लावून वर चढले. बंगल्याच्या शेठाणीनं चोर चोर म्हणून आरडाओरडा केला. तो मिस्तरींना ऐकू गेलाच नाही, हे ओघानं आलं. वरच्या रांगेतलं एक कौल काढलं, हनुवटीला लावलं, पुन्हा जागेवर बसवलं आणि उतरून चालू लागले. गुरख्यानं धरलं तेव्हा म्हणाले, भाकरी खाता खाता त्या कौलाचा नाद आठवला आणि शंका आली. कौल चांगलं होतं.

दुसरं वेड होतं समतोलाचं. खिशात तंबाखूची पुडी एकीकडे तर चुन्याची डबी दुसरीकडे, हे ठीक. पण दोन पिशव्या असल्या तर त्या हातात घेऊन आधी तोलणार आणि जड पिशवीतला एक कांदा हलकीत टाकणार. ओट्यावर बसायचं तर मधोमध. त्यांना दोन मुली होत्या, एक चलथाणला आणि एक सचिनला, दोन्ही सुरतेजवळचीच गावं. बायको गेल्यावर ते पंधरा दिवस हिच्याकडे आणि पंधरा दिवस तिच्याकडे राहत. महिना एकतीस दिवसांचा आला की तो एकतिसावा दिवस नवागाममधल्या आपल्या खोलीत काढत. विचारलं तर म्हणायचे, "एक बाजूले पोतं लादेल गधडं वाटमा बठी जास." हे वाक्य ते इतक्या ठिकाणी वापरत, की आमच्या गल्लीतली लहान मुलंसुद्धा दप्तर खांद्यावर घेताना ते म्हणू लागली.

आता आमचं घर. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पप्पा आणि काका दोघे भाऊ एकाच खात्यात समोरासमोरच्या मागांवर होते. दोघांनी मिळून हे घर बांधलं. मधोमध आढं आणि दोन्ही बाजूंना उतार, वर सिमेंटचे पत्रे. दोघांची लग्नं, आमचे जन्म, सगळं ह्याच घरात. मग एके दिवशी काकांचा उजवा हात मागात सापडला. त्यांनी डावा हात उंच करून तळहात दाखवला. थांब, मेन स्विच बंद कर. स्विच पप्पांच्या हाताशी होता. पप्पा तुटलेले धागे जोडत होते, त्यांची पाठ होती. त्यांनी पाहिलं तोवर काकांची दोन बोटं गेली होती, करंगळी आणि तिच्याशेजारचं.

काका म्हणत, त्यानं पाहिलं होतं, पण कापड बिघडेल म्हणून मशीन थांबवलं नाही. पप्पा म्हणत, मना पाठ व्हती. हे दोघं एकमेकांना फक्त एकदाच म्हणाले, तेही दवाखान्याच्या दारात. त्यानंतर आठ वर्षं बोलले नाहीत.

काका दवाखान्यातून आल्यावर पप्पांनी घराच्या मधोमध भिंत घातली. गवंडी नाही बोलावला. रोज पाळी संपवून यायचे आणि स्वतः विटा रचायचे, जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत. घरातल्या आडभिंतीला साडेचार इंची विटांची भिंत पुष्कळ झाली. पप्पांनी रागानं नऊ इंची घातली. तिनं आमची खोलीही लहान झाली आणि काकांचीही. काका समोरच्या ओट्यावर बसून हाताचं बँडेज मांडीवर ठेवून ते काम बघत असत. पुढे एकाचे दोन दरवाजे झाले. ओटा मात्र एकच राहिला, कारण तो फोडायचा तर दोघांनी बोलायला हवं होतं.

आई आणि काकू कधी भांडल्या नाहीत. पुरुषांचं भांडण पुरुषांकडे, विरजण मात्र दोन्ही घरांत एकमेकींकडूनच जायचं. मी काकांशी बोलायचे, काका माझ्याशी. फक्त पप्पा काकांच्या हाताकडे बघत नसत. आठ वर्षांत एकदाही नाही. काका ओट्यावर असले की पप्पा गल्लीकडे तोंड करून बसत. काकांचा तो उजवा हात गुडघ्यावर असायचा, सगळ्यांना दिसेल असा.

तर सिमेंटचे पत्रे तडकले होते, उन्हाळ्यात घरात बसवत नव्हतं आणि पाऊस आला की बादल्या मांडाव्या लागत. पप्पा खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आमच्या बाजूच्या उतारावर कौलं घालायची ठरवली. आम्ही सुरतेत राहून कौलांना नळियाच म्हणतो. काँक्रीटच्या नळिया, विटकरी रंगाच्या, कडांना खाचा असलेल्या, एकीत एक अडकणाऱ्या. "आपल्या बाजूला घालू. त्याच्या पत्र्यांचं तो बघेल," असं पप्पा म्हणाले, आणि त्यासाठीच त्यांनी मिस्तरींना बोलावलं.

मिस्तरींना झोपण्याच्या जागा समजावून सांगितल्या. आई ह्या कोपऱ्यात, मी खिडकीखाली, पप्पा मधल्या भिंतीला डोकं लावून. मिस्तरी उठले, आत गेले, त्या भिंतीवर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. दाराशी दिसणाऱ्या भिंतीच्या कडेवर वीत टाकून जाडी मोजली. मग भिंतीला हनुवटी लावून ठोकलं. मग आमच्या घरातून बाहेर पडून सरळ काकांच्या घरात शिरले. आम्हाला त्यांचा आवाज पलीकडून ऐकू आला, "कोन कोठे झोपस?"

काकू काहीतरी म्हणाल्या. मग मिस्तरींचं हसणं ऐकू आलं, मोठ्यानं, बराच वेळ. ते बाहेर आले तरी हसतच होते.

"दोन्ही भाऊ एकच भिंतले डोकं लाईसन झोपतस," ते म्हणाले.

आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. आईलाही नाही, आणि ती तर रोज तिकडे जायची. पप्पांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "मिस्तरी, काम कव्हय सुरू करशात?"

"दोन्ही बाजू करशात त करसू. एक बाजू मी करसू नही."

"ते मना भाऊनं छप्पर शे. मना संबंध नही."

"एक बाजूले पोतं लादेल गधडं वाटमा बठी जास," मिस्तरी म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. एवढी जड कौलं एकाच उतारावर चढवली आणि दुसरीकडे हलके पत्रे ठेवले, तर आढं सरकेल आणि घर कलंडेल. कौलं दोन्ही बाजूंना सारखी चढली पाहिजेत. एक इकडे, एक तिकडे. घराला भाऊबंदकी कळत नाही, भार कळतो. एवढं सांगून ते ओट्याच्या मध्यावर जाऊन बसले आणि चुना-तंबाखू मळू लागले.

पप्पा म्हणाले, दुसरा मिस्तरी बघू. आठ दिवस ते दुसरा मिस्तरी बघत होते. रोज सकाळी घरातून निघायचे आणि दुपारी कोणी मिळालं नाही म्हणून परत यायचे. सुरत शहरात कौलं बसवणारा माणूस मिळू नये ह्याचं मला नवल वाटायचं. मी इंटरनेटवर तीन नंबर काढून दिले. त्यांनी कागद खिशात ठेवला, फोन केला नाही.

नवव्या दिवशी काकू विरजण घ्यायला आल्या आणि वाटी हातात ठेवूनच काकांचा निरोप म्हणून आईला म्हणाल्या, "वहिनी, हाई म्हनतस, म्हतारा सांगस त करी टाकू. घर पडी जाई त सगळास्नंच पडी." आई पप्पांकडे बघू लागली. पप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "मिस्तरींना निरोप दे."

त्या दिवशी मिस्तरी आमच्याकडे जेवायला बसले. आईनं तीन भाकऱ्या वाढल्या. त्यांनी दीड खाल्ली, उरलेली दीड फडक्यात गुंडाळली, आईला नमस्कार केला आणि काकूंकडे जाऊन तिथे उरलेली दीड खाल्ली. आई बरेच दिवस म्हणायची, की माझ्या भाजीत काही कमी होतं का?

मेच्या शेवटी काम सुरू झालं. पत्रे उतरवले, लोखंडी पाइपांचा सांगाडा चढवला. त्यावर आडव्या पट्ट्या ठराविक अंतरावर हव्यात, कारण कौलाची वरची टाच पट्टीत अडकते. लोक टेपनं मोजतात. मिस्तरींकडे मागाचा, आडवा धागा इकडून तिकडे नेणारा एक जुना लाकडी धोटा होता, दोन्ही टोकांना निमुळता, हातात धरून धरून काळा झालेला. त्यावर त्यांनी एक खिळा ठोकला होता. टोकापासून खिळ्यापर्यंतचं अंतर म्हणजे दोन पट्ट्यांमधलं अंतर. मी माझी टेप लावून पाहिली, तर पट्ट्या अगदी बरोबर होत्या. मी तसं सांगितल्यावर त्यांनी माझ्या टेपकडे संशयानं पाहिलं.

कौलं खालून वर आणि उजवीकडून डावीकडे बसतात. पहिल्या रांगेला दोरी लावायची, आणि प्रत्येक कौल आधीच्याच्या खाचेत बसवून डोक्याशी स्क्रू मारायचा. बसवायचं काम मिस्तरी स्वतः करणार. मजुराला ते हात लावू देत नसत. पण कौलं वर चढवायला माणसं हवीत. आम्ही सगळे ओट्यावर रांगेत उभे होतो. मिस्तरींनी आम्हाला एकेक करून न्याहाळलं आणि जागा वाटून दिल्या. आई, काकू आणि मी गल्लीतल्या ढिगातून कौलं शिडीपर्यंत आणून हातोहात वर देणार. पप्पा आढ्याच्या टोकाला टेकलेल्या शिडीच्या वरच्या पायरीवर. काका आढ्यावर, घोड्यावर बसल्यासारखे दोन्हीकडे पाय सोडून. पप्पांनी वर दिलेलं कौल काकांनी घ्यायचं, एक ह्या उतारावर सरकवायचं आणि दुसरं त्या उतारावर.

"काकांना त्या हातानं जमणार नाही," मी म्हणाले. माझं हे म्हणणं त्यांनी ऐकलं असावं, कारण त्यांनी उत्तर दिलं. "जमी. पन देनारनी देखाले पाहिजे."

देणाऱ्यानं बघायला पाहिजे. काकांच्या त्या हातात साडेचार किलोचं कौल एकदम धरलं जात नव्हतं. डाव्या हातानं आढ्याचा पाइप धरून आधी नीट बसायचं, मग उजवा हात पुढे करून दे अशी खूण करायची, आणि मगच दोन्ही हातांनी कौल घ्यायचं. देणाऱ्यानं खूण न बघता सोडलं, तर कौल खाली आमच्या डोक्यात.

पहिलं कौल पप्पांनी वर धरलं. मान दुसरीकडे, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीकडे. काकांनी ते घेतलं नाही. पप्पांचे हात वरच. खाली आम्ही तिघी बघत उभ्या. इतक्यात वरून मिस्तरी ओरडले, आणि बहिऱ्या माणसाचं ओरडणं म्हणजे काय ते त्या दिवशी गल्लीनं ऐकलं.

"हात देख ना त्याना!"

पप्पांनी मान वळवली. मी शिडीच्या पायथ्याशी होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी तो हात पाहिला. तीन बोटांचा, दोन बोटांच्या जागी गुळगुळीत झालेल्या कातडीचा. हात पुढे आला, बोटं वाकली. दे. पप्पांनी दिलं.

मग दुसरं. मग तिसरं. दोन्ही उतार मिळून पाचशेवर कौलं होती, आणि प्रत्येक कौलाला पप्पांना तो हात बघावा लागत होता. पहिल्या दिवशी त्यांच्या मानेला घाम सुटला होता, तो उन्हामुळे असेल असं मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी काम हळूहळू तालात आलं. काका खूण करत, पप्पा देत. मध्ये एकदा पप्पांनी कौलाच्या कडेवर बोट फिरवून दोन बोटं ओढल्यासारखी केली, धागा तुटल्याची जुनी खूण. कडा फुटलेली आहे, असं त्यांना सांगायचं होतं. काकांनी मान हलवली आणि ते कौल बाजूला ठेवलं. मी आईकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं.

आणि मिस्तरी? ते हनुवटीला कौल लावून ठोकत होते, बसवत होते, मध्येच एकेक नाव घेत होते. माझ्या जागेवरचं कौल बसवताना "पोरनं" म्हणाले. पोरीचं. काकूंच्या जागेवर आल्यावर काकूंचं नाव. प्रत्येक माणसाच्या उशाच्या वर येणारी कौलं ते ढिगातून खास निवडून घेत, हनुवटीला दोनदा लावून. झोपायच्या जागा कशाला विचारल्या होत्या ते मला तेव्हा कळलं, आणि आपण काय संबंध म्हणून विचारलं होतं ह्याची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, शेवटचे पंधरावीस नग राहिले असताना, ते घडलं. पप्पांनी कौल वर नेलं. काकांचा हात पुढे आला, पण बोटं वाकली नाहीत. हात उभा राहिला. उघडा तळहात.

थांब.

पप्पा थांबले. कौल डोक्याच्या वर, दोन्ही हातांत. काकांच्या पायात गोळा आला असेल, किंवा घाम पुसायचा असेल, असं मला वाटलं. पण काका काहीच करत नव्हते. नुसता तळहात धरून पप्पांकडे बघत होते. पप्पा तळहाताकडे बघत होते. त्यांचे दंड थरथरायला लागले. आई म्हणाली, "अहो, ठेवा ना खाली." पप्पांनी ठेवलं नाही. काकू म्हणाल्या, "अहो, घ्या ना त्यांच्याकडून." काकांनी घेतलं नाही. मिस्तरी उतारावर बसले होते. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. हातातलं कौल हनुवटीला लावून ते तसेच बसून राहिले.

किती वेळ गेला मला माहीत नाही. साडेचार किलो डोक्यावर धरून बघा. पप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात रिकामे नसल्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं. मलाही रडू आवरलं नाही, मी भर गल्लीत रडले, मासींच्या समोर.

मग काकांची तीन बोटं वाकली. दे.

पप्पांनी दिलं. काकांनी घेतलं आणि आमच्या उताराकडे सरकवलं. त्या कौलाला पाळी आमच्याच बाजूची होती, उगाच त्यातून अर्थ काढत नाही मी.

आढ्यावरची कौलं मिस्तरींनी एकट्यानं बसवली. दोघा भावांना खाली हाकललं. काम झाल्यावर ते उतरले आणि ओट्याच्या मध्यावर बसले. चहाचे दोन कप आले, एक आमच्याकडून आणि एक काकूंकडून. त्यांनी दोन्ही अर्धे अर्धे प्यायले.

आता सगळ्यांना वाटेल, की भाऊ बोलायला लागले. नाही. ते आजही बोलत नाहीत. शपथ घेतली होती म्हणे, आणि आमच्या घरात शपथ मोडत नाहीत. पण सकाळी पप्पा ओट्यावर येतात आणि अंगठा व करंगळी तोंडाजवळ नेतात. काका मान हलवतात. भाव काय, कोण आलं, दवाखान्याचा नंबर कधीचा, सगळं हातांनी चालतं. काकूंनी एकदा मला विचारलं, "एवढं काय बोलतस हाई दोन्ही?" मला खात्यातल्या चारच खुणा कळतात, त्यातली एक मिशीवरून बोट फिरवण्याची. मध्यंतरी माझ्या लग्नासाठी मुलाकडचे आले तेव्हा दोघांनी ती एकाच वेळी केली.

पुढे मी एका बांधकाम ऑफिसात लागले. साइटवरच्या तरुण इंजिनिअरला एकदा सहज आमच्या मिस्तरींची गोष्ट सांगितली. त्यानं विचारलं, "मधली भिंत आढ्यापर्यंत आहे?" मी हो म्हटलं. "किती जाड?" मी सांगितलं. तो हसला. "मॅडम, छप्पर नुसत्या लोखंडी कैच्यांवर उभं असतं तर तुमचा म्हातारा बरोबर होता. पण मध्ये नऊ इंची भिंत असताना एका उतारावर कौलं काय आणि दोन्हीकडे काय? काही झालं नसतं."

मी रविवारी चलथाणला गेले. ते मिस्तरींचे थोरल्या मुलीकडचे पंधरा दिवस होते. आता ते छपरावर चढत नाहीत. अंगणात बसले होते, मांडीवर धोटा. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं, "मिस्तरीबाबा, एकाच बाजूला घातली असती, तर घर खरंच कलंडलं असतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "गळस का?"

"नाही. एक थेंब नाही."

"मंग?" असं म्हणून त्यांनी मुलीला हाक मारली आणि माझ्यासाठी चहा सांगितला. ह्याहून जास्त काही मला त्यांच्याकडून मिळालं नाही. त्यांना ऐकू आलं होतं का, हेसुद्धा मी सांगू शकत नाही.

घरी आले तर पप्पा ओट्यावर होते. काका त्यांच्या दारात चप्पल शोधत होते. मी पप्पांना इंजिनिअर काय म्हणाला ते हळूच सांगितलं. त्यांना धक्का बसेल, कदाचित राग येईल, असं वाटलं होतं. पप्पा शांतपणे सुपारी कातरत राहिले.

"पहिल्याच दिनले माले ठाऊक व्हतं," ते म्हणाले. "नऊ इंची भिंत शे ती, मीच घातेल. तिनावर हत्ती बांधा तरी हालाव नही."

"आणि काकांना?"

"मी भिंत घालनू तव्हय तो समोर बठेल व्हता. एक एक ईट त्यानी मोजेल शे."

"मग तुम्ही दोघांनी मिस्तरींचं ऐकलं कशाला?"

पप्पांनी अडकित्ता खाली ठेवला.

"कोनीतरी सांगाले पाहिजे व्हतं ना, बेटा."

मग ते काकांकडे वळले आणि अंगठा व करंगळी तोंडाजवळ नेली. काकांना एक चप्पल सापडली होती, दुसरी सापडत नव्हती. त्यांनी वाकल्या वाकल्याच तीन बोटांचा तळहात वर केला.

पप्पा थांबले.